एकदाही बंद केला नाही

माझा साडू बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचा. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीत झोपलेलं कुत्रं उठून बोली लावेल. त्याच माणसाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव हवा असेल तर आवाज सोडा.

दवाखान्यातल्या एका बाईंनी वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी घरी बसून ढीगभर वाक्यं कॉम्प्युटरवर बोलून ठेवायची. मग त्यातून ह्याच्याच आवाजात बोलणारं मशीन तयार करता येतं. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, म्हणून माईक मी लावून दिला. बसला पठ्ठ्या बोलत. 'चहा टाक.' 'दार लाव.' 'पाठ खाजव.' आणि माझ्यासाठी खास, 'पान्या, तू गाढव आहेस.' एकदा रागानं, एकदा हसत, एकदा नुसतंच.

"अरे, इतक्यांदा कशाला?" म्हटलं.

"तू काय एकाच प्रकारे गाढवपणा करतोस का?" म्हणाला.

ऑपरेशन झालं. घरी आला तो गळ्याला भोक आणि हातात पाटी. बाईंनी सांगितलं होतं, खोकलेलं, अडखळलेलं काढून टाका, चांगलं तेवढंच आणा. जन्मभर सडका माल बाजूला काढलेला माणूस, बसला निवडायला. चांगली वाक्यं एका फोल्डरात, खराब दुसऱ्यात. आणि उडवला चांगला फोल्डर. वर कचरापेटीही रिकामी केली, घर स्वच्छ असावं म्हणून.

मी बाहेरगावी कामाला, फोन लागेना. परतताना निरोप मिळाला, तो बॅग खांद्यावर घेऊनच त्यांच्याकडे गेलो. ताई, म्हणजे त्याची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, दारातच उभी.

"भाऊजी, कॉम्प्युटर एकदाही बंद केला नाही हं. कुणाला बोट लावू दिलं नाही. बंद केला आणि आतलं सगळं विसरला तर? लाइट गेली तेव्हा बॅटरीला फक्त तोच ठेवला. आम्ही बसलो अंधारात."

डोळ्यांत तेल घालून राखला होता तिनं. घात तिथंच झाला होता.

कारण त्यात नव्या चालीची डिस्क होती, एसएसडी. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेलं लगेच जात नसे. वर दुसरं काही लिहिलं नाही, तर खरवडून काढता यायचं. ही नवी बया फार टापटिपीची. तुम्ही पुसलंत की कॉम्प्युटर तिला सांगतो, ही जागा आता कुणाला नको. मग तिला रिकामा वेळ मिळाला की ती आपलीआपणच झाडून घेते. विचारत नाही, सांगत नाही. तिला लागते फक्त वीज आणि निवांतपणा. ताईनं दोन्ही दिलं, अगदी भरपूर. पुसल्यापुसल्या वायर उपटली असती तर कुठे काही चिकटून राहिलं असतं का? कदाचित. कदाचित तेही नाही.

तरी हात चालवायचे म्हणून डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, शोधायला लावलं. आणि पडद्यावर फायलींची नावं यायला लागली. चहा टाक. दार लाव. पाठ खाजव.

"आली! अहो, आली बघा!" ताईनं साडूच्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे भरले. "पान्याचं लावा आधी," ती हसत म्हणाली. "ऐकू दे ह्यांना."

मी लावलं. वाजेना. दुसरं, तिसरं, तेही वाजेना. फाईल आतून उघडून पाहिली तर नुसती शून्यं. खाली सरकवत गेलो, शून्याखाली शून्य. पाटी दारावर, आत घरच नाही.

ताईचं हसू तसंच राहिलं, कुठे ठेवावं तिला कळेना. "मी बंद करायला हवा होता का, भाऊजी?"

साडू माझ्याकडे बघत होता. बाजारात पोत्यात हात घालून तळाचा माल ओळखणारा माणूस तो. त्याच्यापुढे खोटं बोलणं म्हणजे अवघडच.

"छे," म्हटलं. "बरं केलंस चालू ठेवलास ते. त्यानं काही बिघडलं नाही."

"म्हणजे अजून आत असेल काहीतरी. तुम्ही लावून द्या परत, मी चालूच ठेवते."

डिस्क परत बसवली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पदरानं डोळे पुसत ती चहा ठेवायला आत गेली.

आम्ही दोघंच उरलो. साडूनं पाटी ओढली, खडू घेतला, आणि काहीच न लिहिता खाली ठेवला. मग बोटांची पेरं टेबलावर मारली. एकवार. थांबला. दोनवार. माझ्या डोळ्यांत बघून तीनवार. लिलाव बंद करताना मारायचा तसंच, फक्त हळू.

आतून ताई धावत आली, हातात चिमटा तसाच.

"काय वाजलं? बोलला का तो?"