समितीला वाघ दाखवताना

कॉलेज तपासायला आलेल्या समितीच्या अध्यक्षांच्या नव्या दुर्बिणीच्या काचेवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा अजून चिकटलेला होता—आणि त्यातूनच ते मोहर्लीचं जंगल, मान डोलावत, तपासत होते. गाईड संघपालनं ते पाहिलं, पण सांगितलं नाही. सांगायचं काऊन? मले कोणी सांगितलं होतं...

राजुऱ्याच्या बसस्टँडवर कॉलेजचा फलक होता, त्यावर कॉलेजच्या नावापेक्षा मोठा ‘ए’ दर्जा. तेवढं पाहून बापानं त्याला बीएस्सीला घातलं. आणि ज्या मायक्रोस्कोपांवर तो ‘ए’ मिळाला ते समितीची पाठ वळताच टेम्पोत बसून दुसऱ्या कॉलेजची गुणवत्ता वाढवायला गेले, हे कळेपर्यंत पदवी हातात आली होती. मग नागपूरच्या लॅबमधली मुलाखत—समोर मायक्रोस्कोप, आणि डोळा नेमका कुठं लावायचा याचा विचार करत आपण उभे... ती बाई हसलीही नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

आता पुन्हा समिती. जिप्सीत त्याच कॉलेजचे तेच प्राचार्य. मागच्या समितीला सफारीत वाघ दिसला, पाठोपाठ दर्जा आला; तेव्हापासून त्या कॉलेजात वाघ हा शैक्षणिक विषय झाला होता.

डावीकडे बांबूत चितळानं वाघाची वर्दी देणारा कॉल दिला. घाबरलेला. खरा.

“इतवारीभाऊ, उजवीकडं घ्या.”

ड्रायव्हर इतवारीनं मान वळवली. “काऊन रे? कॉल तर तिकडून येऊन राह्यला.”

“उगाच ओरडते ते. घ्या ना.”

प्राचार्य मागून वाकले. “संघपालभाऊ, पाहा ना काही. सायेब लोकं आजच रिपोर्ट लिहिणार हायेत.”

कॉलेजच्या तीन वर्षांत या माणसाला त्याचं नाव एकदाही आठवलं नव्हतं. आणि आज भाऊ—जिभेखाली ठेवून सावकाश चघळावा असा शब्द. “पाहून राह्यलो सर,” तो म्हणाला, “नशीब लागते.” आणि मग अतिशय आदरानं त्यानं समितीला साग दाखवला, पुढे आणखी एक साग दाखवला, वारूळ दाखवलं, आणि प्रत्येक सागागणिक प्राचार्यांचा उतरत जाणारा चेहरा आरशात पाहत राहिला.

ऊन उतरलं. गाडी गेटकडे वळली. अध्यक्षांनी पाय ताणले.

“वाघ नाही तर नाही. जंगल उत्तम आहे. ‘ए’ देऊन टाकू.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. प्राचार्य हसले.

संघपालची नजर आरशावरून उतरली. म्हणजे दिसलं काय, न दिसलं काय... मग मी इतका वेळ यांच्यापासून लपवलं तरी काय? जो बघतच नाही त्याला न दाखवण्याची शिक्षा कशी लागू पडणार?

“इतवारीभाऊ, एकदा तिकडं...”

“आता? गेट बंद होते, बाबू.”

यावा. आडवा यावा, बोनेटला मिशा टेकवून उभा राहावा—जन्मात एकदा तरी यांना काहीतरी बघावंच लागावं. पैसे भरून आलेल्या पर्यटकासारखा तो झुडपांकडे टक लावून बसला. गाडीत वाघासाठी आसुसलेला आता तो एकटाच होता. बांबूत कधीचं सगळं गप्प झालं होतं.