न दुखणारं

डाग मसुराच्या दाण्याएवढा होता. मधे तपकिरी, कडेला फिकट गुलाबी. उजव्या बाजूला, बरोबर स्तनाग्राच्या जागी. ब्रा बदलली तरी डागाची जागा बदलत नव्हती, हे थोरलीच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून ती आपले कपडे न्हाणीघराला आतून कडी लावून धुवायची.

त्या सकाळी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी हाक मारली, ती धावली आणि बादली तशीच राहिली. परत आली तर धाकटी जाऊ दारात उभी, हातात ब्रा.

"हे काय आहे, वहिनी?"

"ठेव ती खाली. दुसऱ्याच्या बादलीत हात घालायची सवय माहेरून आणलीस वाटतं."

"रक्त आहे हे."

"गंज असेल. हुकाचा."

"हुक पाठीला असतो."

थोरलीने ब्रा हिसकावून घेतली. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बोलणं गरजेपुरतं, तेही भिंतीकडे बघून.

"दुखतं का?" धाकटीने विचारलं.

"नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही."

"आमच्या ऑफिसात डॉक्टरीण आली होती सांगायला. दुखत नाही म्हणून थांबू नका, म्हणाली. रक्त आलं तर लगेच मॅमोग्राफी."

"मी दवाखान्यात पडले की घर तुझ्या हातात. कळतं मला."

धाकटी फिसकन हसली. "घर? तुम्ही मेलात तर सासूबाई माझ्या गळ्यात पडतील. त्यांचं हगणंमुतणं कोण काढणार? त्यापेक्षा तुम्ही जगलेल्या परवडल्या!"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी लेकीची परीक्षा, मग यांची बदली, मग सासूबाईंचं मोडलेलं हाड. दवाखाना पुढे ढकलायला दर वेळी कारण खरं होतं. इतक्या महिन्यांत 'दुखतं का' असं विचारणारं पहिलं माणूस ही भवानी असावी, याचाच तिला जास्त संताप आला.

"काय चाललंय सकाळी सकाळी?" बाहेरून नवरा ओरडला. "चहा मिळणार आहे का आज?"

थोरली ओल्या हातांनीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चहा धाकटी करेल. उद्या आईंचंही तीच करेल. माझ्या छातीतून रक्त येतंय, आणि उद्या मी मॅमोग्राफीला जातेय."