सात टाके

पूर ओसरला तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता. तो उपसताना माझ्या लेकाची पोटरी पत्र्याने फाटली. शाळेतल्या छावणीत एक डॉक्टरीण होती, माझ्या नातीच्या वयाची. तिने पाऊण तास जखम नुसती धुतली, आत ओली पट्टी भरली आणि सांगितलं, उघडीच राहू दे, टाके पाच दिवसांनी घालू.

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवते. उसवलेलं तसंच सोडून द्या, हे मला कुणी शिकवू नये. सून म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय तर राहू द्या ना. मी म्हटलं, तुला धड बटण लावता येत नाही, तू टाक्यांबद्दल बोलू नकोस. लेक नको नको म्हणत असताना त्याला नाक्यावरच्या कंपाउंडरकडे नेलं. त्याने सात टाके घातले. सरळ, एकसारखे. मी तोंडभर कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, वास येतोय. अख्ख्या घराला गाळाचा वास मारत होता, आणि हिला नाक मुरडायची सवयच. लेक तर घुम्या. दुखतंय का विचारलं की अशी मान हलवायचा, हो का नाही काही कळू नये. दुपारी पांघरूण ओढलं तर अंग तव्यासारखं तापलेलं, आणि पोटरी इतकी फुगलेली की टाक्यांचा दोरा मांसात बुडालेला.

डॉक्टरणीने विचारलं, हे कुणी शिवलं? लेक म्हणाला, मीच गेलो होतो. एवढ्या तापात आईला पाठीशी घालतोय. मला त्याचाच जास्त राग आला.

"मी नेलं," मी म्हटलं. "तो नको म्हणत होता."

तिने सातही टाके कापले. भळाभळा पू आला, त्याच्यामागून काळा गाळ आणि गवताची एक काडी.

"मावशी, एका धुण्यात सगळी घाण निघत नाही. ती आत ठेवून वरून बंद केलंत. पाय वाचतो का ते आता दोन दिवसांत कळेल."

न भिजवलेलं कोरं कापड आणणाऱ्या बायांना मी दारातूनच परत पाठवते. आधी पाण्यातून काढून आणा, मग कात्री लावीन.

दोन दिवस सून पट्ट्या बदलत होती, मी नुसती पाय धरून बसले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरणीने टाके घातले. एक लांब, एक आखूड, सगळे तिरके. सून माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"कसे वाटतात, आई?"

"वाकडे आहेत," मी म्हटलं. "पण धुऊन घातलेत."