धाकट्या जावेचा लॅपटॉप

धाकटी जाऊ तृप्ती घरात आली आणि माझी वही माळ्यावर गेली. त्र्यंबकला आमच्या घरी होणाऱ्या पूजांची नोंद अकरा वर्षं मी ठेवली. कोण यजमान कुठला, कुणाचा नारायण नागबळी कधी, सगळं तोंडपाठ. तृप्तीनं ते लॅपटॉपवर चढवलं आणि सासरे, आमचे नाना, येईल त्याला सांगायला लागले, "आमची धाकटी इंजिनिअर आहे." थोरली कोण आहे, हे कुणी विचारलं नाही. जळत होते मी. खोटं कशाला बोलू?

परवा सकाळी लॅपटॉप एकदम बोंबलायला लागला. पडदा लाल. व्हायरस शिरलाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. तृप्तीनं घाबरून लावला. स्पीकरवर.

"घबराइए मत, मॅडम. हम कंपनी के सपोर्ट से हैं."

मी दारातच थबकले. आधी भीती घालायची, मग धीर द्यायचा, मग घाई करायची. दिवाळीत माझ्या मोबाइलवर हेच झालं होतं. शिवणातून साठवलेलं सगळं गेलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही मी.

आमच्या घरात परक्या हिंदी आवाजाचा फोन कुणी तोडत नाही. यजमान असला तर? नव्या सुनेला नानांचा पहिला धडा हाच. तृप्ती तो पाळत होती. "जी, जी" करत तिनं त्यानं सांगितलेलं अॅप घेतलं. आता पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता.

"अब बँक खोलिए, मॅडम. सेफ है या नहीं, देखना पडेगा."

बँक म्हणजे नानांचं खातं. आणि मी गप्प. होऊ दे, म्हटलं. कळू दे नानांना त्यांची इंजिनिअर.

ती पासवर्ड टाकायला लागली. चुकू नये म्हणून एकेक अक्षर पुटपुटत होती. मीही अशीच पुटपुटले होते.

मी पुढे झाले, वायफायची वायर उपटली, फोन हिसकावून कापला.

"ताई! काय केलंत! नाना मारतील मला!"

"चोर आहे तो. खरी कंपनी असा पडद्यावर नंबर नाचवत नाही. बटण दाबून धर, बंद कर ते. माझ्या मोबाइलवरून बँकेला सांग खातं थांबवायला. मग एकोणीसशे तीसला, सायबर पोलिसांच्या नंबरवर, तक्रार."

तिनं सगळं केलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला कसं ठाऊक एवढं?"

"दिवाळीत फसले."

"मग मला सांगायचं नाही?"

"हसली असतीस."

"आणि आत्ता? दारात कधीपासून होतात?"

ओसरीवर नानांच्या चपला वाजल्या. दोन-तीन थापा सुचल्या, चांगल्या खपल्या असत्या.

"पहिल्यापासून," मी म्हटलं. "वाटलं, फसावीस तू."

ती पांढरी पडली. नाना आत आले. "काय गं, काय झालं?"

"मी चोराला तुमची बँक उघडून देत होते," तृप्ती म्हणाली. "ताईंनी थांबवलं."

बस्, एवढंच. दाराबद्दल अक्षर नाही.

नाना माझ्या पाठीवर हात ठेवून शाबास म्हणत होते आणि मी तिच्याकडे बघत होते. मोठेपणातही हीच पुढे! आग झाली नुसती जिवाची.