विसावं बाळंतपण

आरोग्य खात्याचं दफ्तर भोपाळला निघालं होतं. व्हरांड्यात लाकडी पेट्यांची उतरंड लागलेली, सुतळीचे तुकडे पायांत येत होते, आणि वितळल्या लाखेच्या वासानं डोकं उठत होतं. त्या पसाऱ्यात एकच टेबल उरलं होतं. त्यामागे कारकून रमाकांत बसला होता. त्याच्यासमोर शरयूची वही उघडी होती.

"एकोणीस," तो म्हणाला. "शरयूताई, विसावं बाळंतपण धरता येत नाही."

"का नाही? खाली सुमनताई सिस्टरांची सही आहे की."

"सही आहे हो. पण रुग्णाच्या नावाच्या रकान्यात काय लिहिलंयत ते वाचा. 'धाकट्या वहिनीसाहेब, जयसिंहराव सरकारांकडे, छावणी.' हे काय नाव झालं? उद्या भोपाळवाले मला विचारतील, कौन वहिनी, किसकी वहिनी?"

शरयूनं रकान्याकडे पाहिलं. अक्षर तिचंच, आठ वर्षांपूर्वीचं, गोल आणि भाबडं. संस्थान मोडून मध्यभारत झालं त्या वर्षीचं. त्याच वर्षी दरबारचा नर्सिंगचा वर्ग बंद पडला आणि तिची दोन वर्षं हवेत लटकत राहिली. तेव्हापासून ती मुरारच्या इस्पितळात बिनशिक्क्याची नर्स होती. काम नर्सचं, हुद्दा आयाचा. आता मध्यभारतही मोडत होता. जाता जाता खात्यानं एक सवलत काढली होती: दरबारी वर्गातली दोन वर्षं ज्यांना सिद्ध करता येतील, त्यांना थेट तिसऱ्या वर्षात घेणार. त्यासाठी वहीत वीस बाळंतपणं हवीत, प्रत्येकापुढे आईचं नाव आणि सही किंवा अंगठा हवा. नाहीतर पहिल्या वर्षापासून सुरुवात. आणि पहिल्या वर्षाला तिशीच्या आतल्याच मुली घेत होते. शरयूला एकतिसावं लागलं होतं.

"सुमनताईंना विचारा म्हटलं असतं," ती म्हणाली, "पण त्या जाऊन पाच वर्षं झाली."

"म्हणून तर सांगतोय. उद्या चार वाजता ट्रक लागतो. तोवर त्या वहिनीसाहेबांची सही आणा. मोठ्या बाई शिक्का मारतील, मी स्वतः वही पेटीत ठेवीन." मग त्यानं आवाज खाली आणला. "नाहीतर एक नाव लिहून टाका. विमल लिहा. शेजारी अंगठा उठवा. भोपाळमध्ये कोण ओळखतंय?"

शरयूनं वही छातीशी धरली आणि निघाली.

*

शिंदे की छावनीत ते घर तिनं बरोबर शोधलं. दिवाळी तोंडावर होती. अंगणात गेरू कालवला होता. बैठकीत विजयाबाई बसल्या होत्या, जयसिंहरावांच्या मागे घर सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी. आतल्या दाराला बांबूच्या चिकेचा पडदा सोडलेला होता, आणि चिकेपलीकडे कुणीतरी करंज्या कातत होतं. कातण्याची किरकिर ऐकू येत होती.

"बस, नर्सबाई. तुझे उपकार विसरले नाही मी," विजयाबाई म्हणाल्या. त्यांनी हातावर बत्तासे ठेवले. शरयूनं काम सांगितलं, उद्या चारला दफ्तर हलणार तेही सांगितलं. विजयाबाईंचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"कागदावर नाव?"

"आईसाहेब, एक सही फक्त."

"पाच वर्षांमागे असाच एक साहेब आला होता कागद घेऊन. आईसाहेब, फक्त नावं लिहून घ्यायची आहेत, म्हणाला. गावांची लिहिली, विहिरींची लिहिली, आंब्याच्या झाडांचीसुद्धा लिहिली. पुढच्या वर्षी ना गाव आपलं, ना विहीर. सरकारांनी त्याचाच धसका घेतला आणि गेले." त्यांनी बत्ताशांची वाटी बाजूला सारली. "आता या घरातली सून तेवढी लिहायची राहिली आहे. ती नाही लिहायची."

"हा कागद काही नेणार नाही, आईसाहेब. मला देणार आहे."

"कागदाला कुठे ठाऊक असतं तो काय नेणार ते? तू दुसरं काही माग. लुगडं माग. नाव मागू नकोस."

शरयू उठली. दारापाशी मात्र तिचे पाय अडले. तिनं वही उघडली आणि, का ते तिलाही कळलं नाही, शेवटचं पान मोठ्यानं वाचायला लागली.

"चौदा जुलै एकोणीसशे अठ्ठेचाळीस. पहिलटकरीण. कळा अकरा तास. बाळ पायाळू. मुलगी. रडायला चार मिनिटं लागली. आई सुखरूप."

चिकेमागची किरकिर थांबली.

"झालं वाचून?" विजयाबाई म्हणाल्या. "मग ये आता."

*

दुसऱ्या दिवशी साडेतीनला शरयू टेबलासमोर उभी होती. ट्रक फाटकाशी लागला होता. हमाल पेट्या उचलत होते, आणि प्रत्येक पेटी उचलली की व्हरांडा तेवढा रिकामा होत होता.

"नाही ना आणली सही?" रमाकांतनं दौतीचं झाकण काढून टाक तिच्यापुढे ठेवला. "मी तिकडे तोंड करून बसतो. जल्दी करा."

तिनं टाक बुडवला. एक थेंब टाकाच्या टोकाला आला, लोंबत राहिला. विमल. तीन अक्षरं. तिच्या मनात ती उमटलीसुद्धा. पण त्यांच्याबरोबर तो दिवसही उठून बसला: बंद दाराची खोली, आणि तिचं मनगट धरून ठेवलेला तो हात. अकरा तास धरलं होतं. वळ चार दिवस राहिला होता. त्या हाताच्या बाईला तिनं नाव विचारलं नव्हतं. वहिनीसाहेब म्हटलं की सगळं आलं, असं तिलाही वाटलं होतं. अदब म्हणून तिनं तसंच लिहिलं, आणि त्या अदबीनंच आज तिला इथं आणून उभं केलं होतं. आता त्या जागी भलतीच एक विमल निजवायची?

तिनं टाक खाली ठेवला.

"नाही लिहवत, रमाकांतभाऊ."

"अहो, जन्माचं नुकसान करून घेताय!"

"कळतंय मला."

रमाकांतनं तिच्याकडे पाहिलं, उसासा टाकला, वही मिटली. "मग एकोणीस," म्हणाला, आणि नकार दिलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे हात नेला.

फाटकाशी घोडा फुरफुरला. ट्रकमुळे अडलेला एक टांगा उभा होता, चारी बाजूंनी पडदे ओढलेला. पडद्यातून एक बाई उतरली. तिच्या मागून आठेक वर्षांची एक परकरी पोर, उतरताना डावा पाय आधी टाकणारी. म्हातारा टांगेवाला दौलतसिंह हवालदिल झाला होता. "बहूसाब, बाड़े के बाज़ार जाना था ना? लोटे खरीदने थे! बाईसाब हमारी खाल उधेड़ देंगी!"

"घोड्याला पाणी पाजा, दौलतसिंह. आलेच मी."

पदर नाकापर्यंत ओढून ती पायऱ्या चढली. हमाल आपोआप बाजूला सरले. तिनं शरयूला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, मनगटावरून. तिथं तिची नजर क्षणभर थांबली.

रमाकांत धडपडत उभा राहिला. वही पुन्हा उघडली. "वहिनीसाहेब, नाव सांगावं आधी. माझ्यासमोर सांगावं लागतं, मग सही."

तिनं मान खाली घातली, घसा साफ केला आणि एका दमात म्हणाली,

"बाड्यावरच्या घड्याळाचे काटे फिरती गरगरा,
बळवंतरावांचं नाव घेते, काम लवकर करा."

व्हरांड्यात एक हमाल खोकला. रमाकांतनं हसू मिशीत दाबलं. "वाहवा. पण... मालकांचं नको, वहिनीसाहेब. आपलं."

"माझं?"

"आपलं."

  भिंतीवरचं घड्याळ चाराला दहा मिनिटं कमी दाखवत होतं. बाईच्या ओठांची हालचाल झाली, पण शब्द आला नाही. सासरी दिलेलं नाव लग्नात ताटातल्या तांदळांत लिहिलं होतं, आणि ते तांदूळ त्याच संध्याकाळी शिजले होते. त्यानंतर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

पोरीनं आईच्या पदराला हिसका दिला. "आई, सांग ना. उशीर होतोय."

"राजलक्ष्मी," ती म्हणाली. मग आणखी स्पष्ट, "राजलक्ष्मी. लिहिता येतं मला."

तिनं टाक घेतला. अक्षरं सावकाश आली, वेलांटी वाजवीपेक्षा मोठी पडली. रमाकांत वही घेऊन आतल्या खोलीकडे धावला.

दोघी उभ्या राहिल्या.  राजलक्ष्मीच बोलली, हळू.

"काल वाचलंत ते चुकलं आहे. चार मिनिटं नव्हती."

"माझ्या हातात घड्याळ होतं, वहिनीसाहेब."

"असेल. तुम्ही पोरीला उलटी धरून पाठीवर थापट्या मारत होतात आणि ओवी म्हणत होतात. तुम्हाला आठवत नसेल.

पाऊल आलं आधी, मुखडा मागाहून
ये गं तू धावून, सोनसाखळी.

मी मोजत होते. एकवीस वेळा म्हणालात. बाविसाव्याला रडली. चार मिनिटं म्हणे!"

शरयूला आठवत नव्हतं. भीतीनं तोंड चालू होतं एवढंच आठवत होतं. ती पोरीकडे बघत राहिली. पोर उजव्या पायानं सुतळीचा तुकडा उडवत होती.

आतून शिक्क्याचा ठोका ऐकू आला. रमाकांत बाहेर आला तोच हात उंच करून. "वीस! तिसरं वर्ष, शरयूताई! जानेवारीत हजर व्हायचं." आणि त्यानं स्वतःच्या हातानं वही पेटीत ठेवली, झाकण लावलं, हमालांना खूण केली. चार वाजायला तीन मिनिटं होती.

 शरयू वळली. राजलक्ष्मी पायऱ्या उतरू लागली होती.

"थांबा! बोटाला शाई लागली आहे. पुसून देते, घरी दिसेल."

राजलक्ष्मीनं बोट पाहिलं. उजव्या हाताची तर्जनी पेरापर्यंत निळी झाली होती. ती बोट न पुसता तशीच टांग्यात चढली, पोरीला वर ओढलं.

"बाईसाब पूछेंगी तो क्या बोलूँ?" दौलतसिंह रडकुंडीला आला होता. "कहाँ गये थे?"

"तुम्ही काही बोलू नका. मी सांगेन." पडदा ओढायला तिनं तोच हात बाहेर काढला. "आधी बाड्यावर चला. लोटे घ्यायचे आहेत."