कंबर चौतीस

भर सभेत बाबा धडधडीत खोटं बोलले आणि मी शेजारी चरफडत बसून राहिले.

सभा वाचनालयाच्या मोठ्या खोलीत होती. म्हाताऱ्या माणसांच्या घरी सकाळी मदतनीस पाठवायची सेवा कुणाला हवी, कशी हवी, याबद्दल लोकांचे अभिप्राय गोळा करायला कार्यालयातून एक बाई आल्या होत्या. ज्यांना गरज नाही त्यांची मदत पुढच्या महिन्यापासून बंद, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग हातात माईक घेऊन एकेकाला विचारत सुटल्या.

"आजोबा, आंघोळीला मदत लागते? कपडे घालायला?"

"छे हो!" बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "माझं सगळं मीच करतो."

त्यांच्या शर्टाची बटणं त्याच सकाळी मदतनीस ताईंनी लावली होती. उजव्या बाहीचं एक वाटेत सुटलं होतं, तेवढं उघडंच होतं. चाळीस वर्षं गावाला कपडे शिवून घातलेल्या या माणसाची बोटं आता वळत नाहीत. मी पहाटेच बेकरीत कामाला जाते. ताई आल्या नाहीत तर बाबा दुपारपर्यंत बनियनवर बसून राहतात. मागे एकदा ताई रजेवर असताना न्हाणीघरात पडले, ते मी येईपर्यंत तिथेच होते. आणि मला मात्र बटणाला हात लावू देत नाहीत. "लेकीकडून कपडे घालून घेण्याइतका काही मी गेलो नाही," म्हणतात.

बाबांपाठोपाठ त्यांचे जुने गिऱ्हाईक, पूर्वी बसवर ड्रायव्हर असलेले काका, तेही काठी सावरत उठले आणि म्हणाले, "मीसुद्धा एकदम ठणठणीत!" मग काय विचारता, खोलीत एकही म्हातारा उरला नाही, सगळे पैलवान. बाई भराभर लिहून घेत होत्या.

दारात प्रत्येकाला एकेक छापील फॉर्म मिळाला. संध्याकाळी पाचपर्यंत भरून पेटीत टाकायचा होता. घरी येईपर्यंत मी बाबांना फैलावर घेतलं. "परत पडलात तर? माईकवाल्या बाई येणार आहेत उचलायला?" माझा आवाज चढला की बाबांना कमी ऐकू येतं.

जेवणाच्या टेबलावर मी फॉर्म पसरला. टेबल म्हणजे दुकानातली कापड बेतायची जुनी फळी. आईच्या हट्टामुळे ती घरी आली. फळीच्या कडेला अजून इंचांच्या खुणा आहेत. बाबा नेहमीच्या बाजूला उभे राहिले आणि दुकानातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "हं, लिही."

हा "लिही" मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. शाळा सुटली की मी दुकानात जायची. याच फळीच्या टोकाला बसून मापांची वही लिहायची. बाबा पडद्याआड गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावायचे आणि बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "कंबर चौतीस!" मी निमूट छत्तीस लिहायची. कंबरेचं माप दोन इंच कमी सांगायचं, हे आमचं ठरलेलं होतं. ड्रायव्हरकाका तर बाहेर येऊन पोट थोपटत विचारायचे, "बारीक झालो ना?" "झालात की!" बाबा म्हणायचे. पँट अगदी बेतशीर बसायची आणि काका खूश. किती सुखाचे दिवस होते ते! खडूचा वास, इस्त्रीची ऊब, आईने पाठवलेला चहा. आणि तेव्हाची बाबांची ती चपळ बोटं.

"अगं, वाच ना पुढे," बाबा म्हणाले.

मी वाचलं, "कपडे घालायला मदत लागते का?"

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या घरातलं कुणीतरी दारात उभं होतं. "कधीतरी," बाबा मोठ्याने म्हणाले. "महिन्यातून एखादे वेळी."

मी लिहिलं, रोज.

"आंघोळीला?"

"मुळीच नाही!"

मी लिहिलं, रोज.

"सेवेबद्दल काही सूचना?"

इथे मात्र बाबांनी आवाज खाली आणला. "लिही, मापं चारचौघांत घेऊ नयेत. आणि हे अगदी असंच लिही."

मी तसंच लिहिलं. पूर्वी दुकान बंद करण्याआधी ते वही तपासायचे, तसाच त्यांनी चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. दोन्ही "रोज"पाशी जरा थांबले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हरचा फॉर्मही तूच भर. वही तुलाच कळते."

मी फॉर्म पिशवीत ठेवला आणि चपला घालायला निघाले.

"थांब जरा," बाबा म्हणाले आणि बाहीचं ते उघडं बटण त्यांनी माझ्यापुढे धरलं.