शेंदराखालचा शिक्का

मी एक जुना सागाचा ओंडका आहे. आदिलाबादच्या लाकूड डेपोत कुंपणाशी पडलोय. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्यानं गोड बोलावं म्हणतात, पण माझं डोकं फिरलेलं आहे, आधीच सांगून ठेवतो.

नार्नूरजवळ बयनाबाईच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मी उभा होतो. ज्वारी राखताना ती माझ्याच बुंध्याला पाठ टेकायची. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद भारतात आलं आणि तिचा महिपत आरमारात भरती झाला. सुटीत येऊन म्हणाला, "माय, इंग्रजाच्या जुन्यापान्या बोटी हायेत आमच्याजवळ. आता सरकार नव्या लढाऊ बोटी बांधून राह्यलं. त्याले साग लागते."

वर्षभरात जंगलखात्याची माणसं सरळ साग शोधत आली आणि माझ्यापाशी थांबली. बयनाबाई म्हणाली, "न्या. माह्या लेकाच्या पायाखाली माहं झाड राहील."

मला तोडलं. नाकेदारानं कापलेल्या तोंडावर हातोडा मारून सरकारी शिक्का उठवला. आमच्याकडे घरचं कुणी मोठ्या कामाला निघालं की शेंदूर लागतो, मग ते औत असो की बैल. बयनाबाईनं तेलात शेंदूर कालवला आणि सरकारनं जिथं मान दिला तिथंच, शिक्क्यावर, जाडजूड थापला. मीही फुशारून गेलो, मूर्खासारखा.

डेपोत मुनशी उत्तमराव मला फिरून फिरून पाहत म्हणाला, "शिक्का नाही. चोरीचा माल. जप्त."

गाडीवान फकिरा म्हणाला, "शेंदराखाली हाये, साहेब. पुसून पाहा."

"देवाच्या शेंदराला हात लावू? ते पाप कोण घेईल? आणि जप्त मालाला तू शिवलास तर तुलाही आत टाकीन."

शेंदूर पुसणं पाप, आणि बाईला चोर ठरवणं पुण्य! अशा देवभोळेपणाला आग लागो.

बयनाबाई हेलपाटे घालत राहिली. आधी म्हणाले, हैदराबादचा हुकूम आणा. मग हैदराबाद राज्यच मोडलं, भाषेवार वाटण्या झाल्या, आम्ही आंध्रात गेलो. नवा साहेब तेलुगूत म्हणाला, जुन्या राज्याचं प्रकरण आमचं नाही. बोटींना दुसरीकडचा साग गेला. ओल्या मातीत वर्षानुवर्षं पडून सागालाही, मला, वाळवी लागली. पाणवठ्यावर बाया तिला सागचोर म्हणू लागल्या.

शेवटी महिपत नव्या बोटीवरून सुटीला आला आणि आईला घेऊन थेट डेपोत शिरला. घासलेटात फडकं बुडवून त्यानं माझं तोंड खसाखसा पुसलं. शिक्का जसाच्या तसा होता.

"हाये की," उत्तमराव पुटपुटला.

बयनाबाईनं त्याला विचारलं, "आता पुसलं, त लागलं का कोनाले पाप?"

मग तिनं लेकाला विचारलं, "तुह्या बोटीत कोनाचं लाकूड हाये रे?"

"काय मालूम, माय."

तिनं माझ्या अंगावर हात ठेवला. भुसा तिच्या बोटांना लागला.

मित्रांनो, झाडं लावा, लाकूड जपा, हे तुम्हाला गुरुजी सांगतीलच. मी एवढंच मागतो, कुणाला चोर म्हणायच्या आधी हातात फडकं घ्या. आणि वेळेवर घ्या. मी आता सरपणाच्याही कामाचा उरलो नाही.